जी उचलेल तिची पट्टी

(कोथरूड येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं मुद्रित रूप)



ज्या संगीतशिक्षकांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली सा लावायला शिकलेले अनेकजण आज समोर बसले आहेत. त्यामुळे प्रस्तावनेत वेळ घालवत नाही, सरळ विषयाला हात घालते.

आजकाल मोबाइलवर गाणं लावलं की त्या गाण्याची तीन कलमी माहिती देणारी साधनं मिळतात. वेग, मिनिटाला १२० ठोके. पट्टी, जी मेजर. भाव, आनंदी. एखादं अमेरिकन खेडवळ गाणं घ्या, फिडल आणि बँजोवर वाजणारं, धान्याच्या कोठारात नाचताना म्हटलेलं, आणि ही माहिती त्याला बऱ्यापैकी लागू पडते. मला या साधनांबद्दल राग नाही. ज्यांनी ती बनवली त्यांनी एक रास्त प्रश्न विचारला आहे: गाणं आनंदी वाटतं ते नेमकं कशामुळे? आज मी हाच प्रश्न आपल्या रानातल्या, अंगणातल्या, जात्यावरच्या आणि रस्त्यावरच्या मराठी गाण्यांना विचारणार आहे. भोंडल्याचं गाणं, फुगडीचं गाणं, कापणीच्या वेळची भलरी, कोळ्यांचं गाणं, वारीच्या वाटेवरची पावली. यांची पट्टी कोणती? वेग किती? आणि भाव कुठून येतो?

पट्टीचं आधी सांगून टाकते, कारण तिथे उत्तर लवकर मिळतं. आपल्या लोकगाण्याला ठरलेली पट्टी नसते. पेटीवाला विचारतो, "काळी चार का पांढरी पाच?" रानात हे विचारणारं कुणी नसतं. जी बाई गाणं उचलेल तिच्या गळ्याला जो सूर सहज येतो तोच सा. बाकीच्या त्या सुराला येऊन मिळतात. एखादीला तो फार वर वाटला तर ती खालच्या सप्तकात म्हणते, एखादी अधूनमधून नुसता शेवटचा शब्द धरते. पुढचं गाणं दुसरीने उचललं की पट्टी बदलते आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही.

हे आपल्या अशास्त्रीयपणाचं लक्षण आहे असं समजू नका. खेडवळ गाण्याची अमेरिकेतली राजधानी म्हणजे नॅशव्हिल. तिथल्या स्टुडिओंमध्ये वादकांसमोर स्वरसंगती अक्षरांनी लिहिलेल्या नसतात, आकड्यांनी लिहिलेल्या असतात: पहिली, चौथी, पाचवी. ही पद्धत १९५० च्या दशकाच्या अखेरीस जॉर्डनेअर्स या चमूतल्या नील मॅथ्यूज यांनी सुरू केली. गायिका आली आणि म्हणाली की आज घसा बसलाय, जरा खालून घेऊ, तर कागद बदलावा लागत नाही. पहिली म्हणजे तिचा सा. आपण सारेगम म्हणताना शेकडो वर्षं हेच करत आलो आहोत. म्हणजे जिथे 'जी मेजर' अशी नोंद होते त्या मुलखातही ज्यांचा पोटापाण्याचा धंदा गाणं आहे ते लोक पट्टी गळ्यावर सोडतात.

याला एक व्यावहारिक बाजू आहे आणि ती कोथरूडशी संबंधित आहे. नवरात्रात आपल्या सोसायट्यांमध्ये पुन्हा भोंडला होऊ लागला आहे. पाटावर हत्ती काढतात, भोवती फेर धरतात, खिरापत ओळखायची चढाओढ लागते. याचा मला मनापासून आनंद आहे. पण बऱ्याच ठिकाणी गाणं मात्र लाउडस्पीकरवरून येतं. ध्वनिमुद्रित गाणं एखाद्या तरुण गायिकेने तिच्या पट्टीत, बहुधा काळी चार-पाचमध्ये, गायलेलं असतं. सत्तरीच्या आजींचा आवाज वयाबरोबर खाली उतरलेला असतो. त्यांना ती सगळी गाणी पाठ असतात, शहरातल्या मुलींना एकही येत नसतं, आणि गप्प बसावं लागतं ते आजींना. त्यांनी पहिली ओळ स्वतःच्या पट्टीत उचलली असती तर अख्खं वर्तुळ त्यांच्या मागे गेलं असतं. उंच पट्टी म्हणजे उत्साह, ही समजूत शाळांच्या समूहगीतांतही दिसते. मुलं गात नाहीत, ओरडतात. ताणलेल्या गळ्यातून आनंद ऐकू येत नाही, श्रम ऐकू येतात.

आता पट्टीच्या पोटातला दुसरा प्रश्न. मेजर म्हणजे आनंदी आणि मायनर म्हणजे दुःखी, ही पाश्चात्त्य शाळेतली विभागणी आपल्याकडेही येऊन बसली आहे. शुद्ध गंधार हसरा, कोमल गंधार रडका. चित्रपटसंगीत शिकवणाऱ्या वर्गांतही असं सांगितलं जातं. हे खरं असतं तर होळी उदास सण ठरला असता. काफीत गंधार कोमल आहे, निषाद कोमल आहे, आणि होरी गायची तर गायकाला पहिल्यांदा काफीच आठवतो. पिलूत गंधारांची ये-जा चालते आणि त्यातून लावणीचा नखरा उभा राहतो. भैरवीत रे, ग, ध, नि चारही कोमल, तरी त्याच भैरवीत विरहही गातात आणि ठसकेबाज लावणीही. मराठी कान कोमल गंधाराने गहिवरून जात नाही. तो पाहतो की गंधार कसा लावलाय, त्यावर थांबताय की त्याला स्पर्श करून पुढे पळताय.

जगातही हेच दिसतं. पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या लग्नातलं क्लेझमर संगीत मोठ्या प्रमाणावर मायनर अंगाचं आहे आणि त्यावर लोक टेबलाभोवती नाचतात. इव्हान लारिओनोव्ह यांनी १८६० मध्ये केलेलं 'कालिंका' हे रशियन गाणंही मायनर. सुरुवातीला संथ, मग वाढत वाढत पाय जागेवर राहू नयेत इतकं जलद. ते कुणी उदास म्हणून ऐकत नाही.

या जागी कुमार गंधर्वांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९४८ साली क्षयाने आजारी असलेले कुमारजी देवासला राहायला गेले. गाणं बंद होतं, ऐकणं चालू होतं. माळव्यातल्या बायका लग्नात, ऋतूंच्या सणांत, कामाला जातायेताना जे गात ते त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि पुढे त्यातून रचना केल्या, राग घडवले. त्यांचं 'अनूपरागविलास' हे पुस्तक १९६५ मध्ये आलं. अशा रागांना त्यांनी धुनउगम राग म्हटलं. राग धुनेतून उगवतो, हे त्यांचं म्हणणं त्यांनी गाऊन दाखवलं. लोकधुनेविषयी त्यांनी आपल्याला जे ऐकायला शिकवलं त्यातली एक गोष्ट माझ्या आजच्या विषयाला फार उपयोगी आहे: लोकधून थोड्या स्वरांत राहते. चार, पाच, कधी तीनच. तेवढ्या स्वरांत ती पुनःपुन्हा फिरते. त्याचं कारण कल्पनेची गरिबी नाही. ज्याला गाता येत नाही त्यालाही सामील होता यावं एवढीच तिची रुंदी असते.

एवढं झाल्यावर उरते लय. आणि माझ्या मते प्रश्नाचा गाभा इथेच आहे.

मानसशास्त्राच्या प्रयोगशाळांत यावर भरपूर काम झालं आहे. अमेरिकेतल्या केट हेव्हनर यांनी १९३० च्या दशकात एकच रचना कधी जलद, कधी संथ, कधी मेजरमध्ये, कधी मायनरमध्ये, कधी वर, कधी खाली वाजवून लोकांना विशेषणं निवडायला लावली. त्यांच्या १९३७ च्या निष्कर्षात भाव ठरवण्यात वेगाचा वाटा सर्वांत मोठा ठरला. १९९९ मध्ये लॉरा-ली बाल्कविल आणि विल्यम फोर्ड थॉम्प्सन यांनी याहून आपल्या जवळचा प्रयोग केला. हिंदुस्थानी संगीताशी ओळख नसलेल्या पाश्चात्त्य श्रोत्यांना त्यांनी रागांचे तुकडे ऐकवले आणि विचारलं, यात आनंद आहे, दुःख आहे, क्रोध आहे की शांती? आनंद, दुःख आणि क्रोध त्यांना बऱ्याच अंशी ओळखता आले. आनंद कशावरून ओळखला? लय जलद आणि सुरावट साधी असली की. राग कोणता हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

सुरावट साधी, हे कुमारजींच्या कानाशी जुळलं. पण 'लय जलद' इथे मी थोडी थांबते, कारण आपल्याकडचा एक फार जुना जाणकार वेगळं सांगतो. नाट्यशास्त्रात भरतमुनी नटाने कोणत्या रसाला कोणत्या लयीत बोलावं हे सांगतात. करुणाला विलंबित. वीर, रौद्र, अद्भुत, भयानक यांना द्रुत. आणि हास्य-शृंगाराला मध्य लय. म्हणजे घाबरलेला माणूस घाईने बोलतो, रागावलेला घाईने बोलतो. सुखात असलेला माणूस घाईत नसतो. मला हे निरीक्षण प्रयोगशाळेतल्या निष्कर्षाइतकंच खरं वाटतं, आणि दोन्ही एकाच वेळी खरी कशी, हे आपलं लोकगाणं दाखवतं.

कोळीनृत्य आठवा. ढोलकी दुगुनीत चालू असते, बोटं थांबत नाहीत. पण नाचणाऱ्यांची अंगं बघा. वल्हं मारल्याचा तो मोठा, सावकाश हेलकावा, पुढे आणि मागे. वरची लय पळते आहे, खालची डोलते आहे. शांता शेळके, हृदयनाथ मंगेशकर आणि लता मंगेशकर यांनी कोळीगीतांना घराघरात पोचवलं तेव्हा त्यांनी हा दुपदरीपणा सोडला नाही, म्हणून ती गाणी शहरात बनूनही किनाऱ्यावर चालली. आपल्या ढोल-ताशा पथकांत हेच मोठ्या आवाजात होतं. गणपतीआधी पावसाळ्यात मुठेच्या काठाला सराव चालतो, त्याचा आवाज कर्वेनगर-कोथरूडपर्यंत सगळ्यांनी ऐकला असेल. काहींनी त्याबद्दल तक्रारही केली असेल. पुढच्या वेळी तक्रार करण्याआधी पाच मिनिटं दोन वेगळ्या गोष्टी ऐका. ढोलाचा टिपरू-थापीचा ठोका माणसाच्या चालीचा आहे. ताशाची तर्री त्याच्यावर चौपटीने धावते. मिरवणूक चालते ढोलाच्या लयीत आणि अंगावर काटा येतो ताशाच्या लयीने.

यंत्राची गोची इथेच होते. लय मोजणारी साधनं अनेकदा एकाच गाण्याला कधी ८० म्हणतात, कधी १६०. संगणकाच्या अभ्यासकांना ही अडचण चांगली माहीत आहे. यंत्राला ठोके ऐकू येतात, पण पाय कुठल्या ठोक्यावर पडतो ते त्याला दिसत नाही. आपण मजेत चालतो तेव्हा मिनिटाला साधारण १०० ते १२० पावलं टाकतो. वारीतली पावली पाहिली आहे त्यांना आठवेल, टाळ-मृदंगाचा भरणा कितीही दाट असो, पाऊल त्याच माणसाच्या चालीने पडतं. भरतमुनींची मध्य लय म्हणजे माझ्या समजुतीने पायांची लय, आणि प्रयोगातल्या श्रोत्यांनी ऐकलेली जलद लय म्हणजे तिच्यावरचा भरणा. आनंदी गाण्याला दोन्ही लागतात.

पाय म्हटल्यावर हातांकडे यायला हवं. कार्ल ब्युशर हे जर्मन अर्थशास्त्रज्ञ. त्यांनी १८९६ मध्ये 'काम आणि लय' या विषयावर एक ग्रंथ लिहिला. जगभरातली श्रमगीतं गोळा करून त्यांनी असं मांडलं की गाण्याची लय कामाच्या हालचालींतून जन्मली. त्यांचं सगळंच आज कुणी मानत नाही. पण जात्याजवळ बसलेल्या बाईला त्यांचा मुद्दा समजावून सांगावा लागला नसता. जातं सुरू करताना जड लागतं, एकदा वरची तळी फिरू लागली की हलकं होतं, मूठभर दाणे वैरले की पुन्हा क्षणभर जड. दोघी समोरासमोर बसलेल्या, खुंट्यावर दोघींचे हात. एक ओळ म्हणते, दुसरी ती उचलते. ओळ आखूड पडली तर मध्ये एखादा 'गं', एखादं 'बाई', एखादं 'सांगते' घालून ती फेऱ्यात बसवतात. ओवीच्या ओळी छापील पुस्तकात वाचताना हे शब्द भरतीचे वाटतात. जात्यावर तेच शब्द ओळ आणि दगड यांना एकत्र धरून ठेवतात.

पौड फाट्यावरून निघालेला रस्ता थेट मुळशीत जातो. त्या मुळशीतल्या, मावळातल्या आणि पुढे महाराष्ट्रभरातल्या बायकांच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी आपल्या पुण्यातल्या संस्थेतून कित्येक वर्षं गोळा केल्या. हजाराहून अधिक गावं, लाखाहून अधिक ओव्या. पुढे बर्नार्ड बेल या संगीत-अभ्यासकाने ध्वनिमुद्रणं केली, आणि आता 'परी' या संस्थेच्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पातून ती ऐकायला मिळतात. ऐका म्हणून मी हात जोडून सांगते. त्यांतले काही कोथरूडपासून तासाभराच्या अंतरावरचे आवाज आहेत. त्या आधी साने गुरुजींनी ओव्या जमवल्या, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या कामातून खंडांमागून खंड काढले. त्यांचं ऋण मोठं आहे. पण कागदावर शब्द उतरले, चाल उतरली नाही. भोंडल्याच्या गाण्यांची पुस्तिका आजही कुठल्याही दुकानात मिळते; तिच्यात गाणं कुठे थांबतं, कुठे वेग धरतं, कुठल्या शब्दावर फेर उलटतो, याची एक खूण नसते. आपल्याकडे शब्दांचा संग्रह शंभर वर्षांचा आणि लयीचा संग्रह अगदी अलीकडचा आहे.

हे महत्त्वाचं का आहे ते भोंडल्यावरूनच सांगते. भोंडल्याच्या शब्दांत आनंद कुठे आहे? सुनेला माहेरी जायचं आहे. सासू म्हणते, आधी वेल लाव. लावला, तर उगवू दे. उगवला, तर फूल येऊ दे, कारलं येऊ दे, मग भाजी कर, मग वाढ, मग भांडी घास. निव्वळ कागदावर वाचलं तर हा छळाचा दस्तऐवज आहे. कुठलंही यंत्र या शब्दांचा भाव 'दुःखी' असाच लावेल, आणि समोर पंचवीस मुली हसत फेर धरून नाचत असतात. आनंद येतो रचनेतून. प्रत्येक फेऱ्यात एक काम वाढतं, मागची कामं पुन्हा म्हणायची असतात, म्हणून श्वास पुरवायला वेग वाढवावा लागतो. वेग वाढला की सासूची सबब हास्यास्पद होते. ज्या घरात सासूसमोर तोंड उघडता येत नव्हतं, त्याच घराच्या अंगणात ती सासू सगळ्यांच्या पायांखाली गोल फिरते आहे. हा भाव शब्दांत शोधून सापडणार नाही.

फुगडीत तर शब्दच गळून पडतात. दोघी हात अडकवून मागे झुकतात, पाय जुळवून फिरू लागतात. सुरुवातीच्या ओळी नीट ऐकू येतात. वेग वाढला की ओळीतलं एकच अक्षर उरतं, मग नुसता श्वास. मंगळागौरीच्या खेळांत पिंगा घ्या, झिम्मा घ्या, हेच. गाणं संपत नाही, दम संपतो. मध्य लयीपासून दमापर्यंतचा हा प्रवास म्हणजे आनंद, असं मला म्हणायचं आहे. एकाच आकड्यात तो मावत नाही, कारण गाणं सुरू होताना जो आकडा असतो तो संपताना नसतो. भजनी मंडळाचा गजर आठवा, गोंधळ आठवा, लेझीम आठवा. आपलं कुठलंही आनंदाचं सामूहिक गाणं ज्या वेगात सुरू होतं त्या वेगात संपत नाही.

आणि हा वेग वाढवतं कोण? घड्याळ नव्हे. मेल्झेलने १८१५ मध्ये मेट्रोनोम या ठोके देणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं, त्याचा उपयोग वादकाला सरळ चालवायला होतो. फेरातला वेग मात्र एकमेकींकडे बघून वाढतो. एखादी धीट मुलगी पाऊल जरा पुढे टाकते, शेजारची ओढली जाते, समोरच्या आजी मान हलवून नको म्हणतात आणि सगळ्या तिथेच जरा रेंगाळतात. वर्तुळात सर्वांत हळू चालणारी जेवढं पेलेल तेवढाच वेग वाढतो. म्हणून मी ध्वनिमुद्रित भोंडल्याच्या विरोधात आहे. यंत्र आजींकडे बघत नाही.

मुद्रित गाणंही एकेकाळी एकमेकांकडे बघून चाले, म्हणून चित्रपटाबद्दल थोडक्यात. १९५९ मध्ये अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' आला आणि पुण्यात विजयानंद चित्रपटगृहात जवळपास अडीच वर्षं चालला. वसंत पवारांचं संगीत, गदिमांची गीतं. त्या काळी गायक आणि सगळे वादक एका दालनात एकत्र बसून गाणं मुद्रित करत. ढोलकीवाला गायिकेकडे बघत वाजवी. त्यामुळे त्या गाण्यांची लय किंचित पुढेमागे होते आणि ती जिवंत वाटते. आज बहुतेकदा प्रत्येक वाद्य वेगळं मुद्रित होतं, प्रत्येकाच्या कानात एकच ठोका टकटकत असतो. २०१६ च्या 'सैराट'मध्ये अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसमध्ये पाश्चात्त्य वाद्यवृंद मुद्रित केला आणि गावाकडचा ठेका त्याच्यासह जगासमोर ठेवला. मला ते संगीत आवडतं. हलगीचा बाज ज्यांनी लहानपणी गावात ऐकला आहे त्यांनीच ते केलं आहे हे कळतं. पण या पद्धतीत वेग आधीच ठरलेला असतो, म्हणून वाद्यं वाढवतात. थरार वाढतो. लोकगाण्यात जो दम लागतो तो मात्र ऐकणाऱ्याला लागत नाही, कारण नाचणाऱ्यांकडे बघून गाणं हललेलं नसतं.

माझ्या मांडणीला अडचणीत आणणारं एक गाणं आहे आणि ते लपवणं बरोबर होणार नाही. मोटेवरचं गाणं. मोट पाहिलेली माणसं या सभागृहात असतील. बैल धावेवरून खाली उतरतात, नाडा ताणला जातो, भरलेली मोट वर येते, सोंदूर ओढला की थारोळ्यात पाणी कोसळतं आणि पाटाने वाहू लागतं. मग बैल उलट्या पावलांनी वर यायचे. मोटकरी या सगळ्यात गातो. एकटा. झील धरणारं कुणी नाही, ढोलकी नाही, ठेका नाही. उंच सुरात एक लांब हाक, ती विहिरीत घुमून परत येते, मग शब्दांची एक झुळूक, मग थांबणं. मात्रा मोजायच्या म्हटल्या तर मोजता येत नाहीत. तरी ते गाणं आनंदी आहे, ज्यांनी ऐकलं ते सगळे असंच सांगतात.

मी यावर पुष्कळ विचार केला. ठेका नाही, पण आवर्तन आहे: भरणं, चढणं, ओतणं, परतणं. सम कुठे? पाणी पडतं तिथे. सोबत कुणाची? बैलांची. हाक लांबवली की बैल रेटा देतात, हाक सोडली की सैल पडतात. म्हणजे जात्यावर जी दुसरी बाई असते तिच्या जागी इथे जनावर आहे. मी हे ओढूनताणून जुळवते आहे असं कुणाला वाटलं तर प्रश्नोत्तरांत जरूर सांगा, मला ते ऐकायचं आहे. मोटेच्या जागी आधी तेलाची इंजिनं आली, मग विजेचे पंप आले. शेतकऱ्याच्या पाठीवरचं ओझं उतरलं, ते उतरायलाच हवं होतं, गाण्यासाठी कुणी मोट हाकत राहावी असं म्हणण्याचा अधिकार शहरात बसलेल्या कुणालाही नाही. पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांची पहाट सुटली, त्याबद्दलही मला आनंदच आहे. ती गाणी ज्यांच्या कानात अजून आहेत त्यांच्याकडून ती हालचालींसकट टिपून घेणं आपल्याला जमेल. नुसते शब्द लिहून घेऊ नका. कुणी उचललं, कोणत्या सुरात, हात काय करत होते, वेग कुठे बदलला, दुसरीने कुठे धरलं, एवढं लिहा. मोबाइल प्रत्येकाच्या हातात आहे. नुसता आवाज मुद्रित न करता चित्रीकरण करा, आणि चित्रीकरण करताना चेहऱ्याबरोबर हातपायही दिसू द्या.

कोथरूड हे म्हातोबाच्या टेकडीखालचं शेतीवाडीचं गाव होतं. गावठाणातल्या जुन्या घरांत आणि इथे जिल्ह्याजिल्ह्यांतून राहायला आलेल्या कुटुंबांत मिळून किती प्रकारच्या चाली असतील याचा विचार करा. सातारकडचा हादगा, विदर्भातली भुलाबाई, नाशिककडचा भोंडला, कोकणातल्या फुगड्या. एकाच सोसायटीच्या एकाच मजल्यावर त्या राहतात आणि एकमेकींना ऐकवल्या गेलेल्या नाहीत. या उन्हाळ्यात इथल्या काही शाळांतल्या मुलींनी आपापल्या आजींकडून त्या गोळा कराव्यात असं मी संयोजकांना सुचवलं आहे आणि त्यांनी होकार दिला आहे.

भाषणाच्या शेवटी आभार असतात, ते संयोजक मानतील. त्याआधी दहा मिनिटं उरली आहेत. तिसऱ्या रांगेत काही आजी बसल्या आहेत, त्यांच्याशी मी सुरुवातीलाच बोलून ठेवलं आहे. त्यांनी आणि ज्यांना यायचं आहे त्या सगळ्यांनी खुर्च्या मागे सारून पुढच्या मोकळ्या जागेत यावं. ध्वनिक्षेपक बंद करायला सांगितला आहे. पेटीवर आमचे सहकारी आहेत. त्यांना विनंती एवढीच की आधी सूर देऊ नका. आजी पहिली ओळ म्हणतील, तुम्ही त्यांची पट्टी शोधा आणि मागून या. या, आजी.